अमेरिकेच्या जेवणातला कृष्णवर्णीय स्त्रियांचा वाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतलं जेवण ज्या हातांनी घडवलं, त्यातले बहुतेक हात गुलामगिरीत जन्मलेल्या किंवा तिथून सुटलेल्या स्त्रियांचे होते. त्यांच्या कामाची दखल घेताना ‘हाताला चव होती’ एवढंच म्हटलं जातं. इथली उत्तरं त्यांच्या कौशल्याबद्दल आहेत: त्यांना काय येत होतं, ते त्यांनी कसं केलं आणि ते आपल्या चुलीवर कसं करून पाहता येईल.

या स्वयंपाकातले कोणते जिन्नस आफ्रिकेतून आले?

चवळी, ज्वारी, कलिंगड आणि भेंडी आफ्रिकेतून आली. तीळही त्याच वाटेने पोचले. साउथ कॅरोलायनात त्यांना आजही ‘बेने’ म्हणतात. आफ्रिकन भाताची जातही गुलामांच्या जहाजांबरोबर आली. शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पण तो आधी आफ्रिकेत गेला आणि तिथून उत्तर अमेरिकेत पोचला. चवळी आणि ज्वारी आफ्रिकेतूनच फार प्राचीन काळी भारतातही आल्या. म्हणजे सोलापूरची भाकरी आणि कॅरोलायनाचा चवळीभात यांचं बियाणं मुळात एकाच भूमीतलं आहे.

नुसतं बी नेऊन पीक येत नाही. ते कधी पेरायचं, कसं कांडायचं, किती शिजवायचं हे सांगणारं माणूस बरोबर लागतं.

स्त्रियांनी केसांत धान लपवून नेलं, हे खरं आहे का?

ही सुरिनाम आणि फ्रेंच गयाना इथल्या, गुलामगिरीतून पळून जाऊन जंगलात वसलेल्या समाजांची मौखिक परंपरा आहे. तिथे काही भातजाती अशा आजींच्या नावांनी ओळखल्या जातात, त्यामुळे ती परंपरा हलक्यात घेण्यासारखी नाही. कॅरोलायनाच्या बाबतीत मात्र ही गोष्ट पुरावा म्हणून सांगू नये. तिथे दुसरी वाट दिसते. गुलाम वाहणारी जहाजं प्रवासातल्या खाण्यासाठी साळ विकत घेत आणि ती कांडायचं काम स्त्रियांना लावत. उरलेली साळ किनाऱ्यावर उतरत असे.

भातशेतीत स्त्रियांचं काम नेमकं काय होतं?

पेरणी, खुरपणी, कापणी आणि सगळ्यात जिकिरीचं म्हणजे कांडण. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनारपट्टीवर पिकणारा तांदूळ युरोपला जायचा. अखंड दाण्याला भाव मिळे, कण्या स्वस्तात जात. लाकडी उखळात मुसळ सरळ जोराने आपटलं तर दाणा फुटतो. हात किंचित फिरवून मारलं तर दाण्यावर दाणा घासला जातो आणि फोल सुटतं, दाणा अखंड राहतो. मालकाचा नफा या हातोटीवर उभा होता. पाण्यावर चालणारी गिरणी जोनाथन लुकासने १७८७ च्या सुमारास उभारली. त्याआधी बहुतेक पीक हातानेच कांडलं जाई, आणि पुढेही घरचा तांदूळ बराच काळ उखळातच सडला गेला.

पाखडायला गवताची पसरट, गोल टोपली असे. ती विणण्याची पद्धत पश्चिम आफ्रिकेतली. चार्ल्सटनच्या आसपास गला-गीची, म्हणजे याच किनारपट्टीवरच्या गुलामांच्या वंशजांच्या, समाजातल्या स्त्रिया तशा टोपल्या आजही विणतात. अमेरिकन भातशेतीतलं ज्ञान किती आफ्रिकन आणि किती मळेवाल्यांचं, यावर इतिहासकारांत वाद आहे. कांडण आणि शिजवणं यांबद्दल मात्र शंकेला फारशी जागा नाही.

हॉपिन जॉन कसा करायचा? खिचडीसारखा का होतो?

चवळी आणि भात यांचा हा पदार्थ दक्षिणेत १ जानेवारीला करतात. छापील पाककृती १८४७ मध्ये एका गोऱ्या बाईंच्या पुस्तकात आली. तो घरोघरी शिजवणाऱ्या स्त्रियांना तेव्हा लिहायला शिकणंही कायद्याने बंद होतं.

चार जणांसाठी २०० ग्रॅम चवळी ५–६ तास भिजवा. जाड बुडाच्या पातेल्यात दीड लिटर पाणी, एक अख्खा कांदा, एक सुकी लाल मिरची, एक तमालपत्र आणि धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा हाडासकट तुकडा घालून मंद आचेवर शिजवा. मांस खात नसाल तर दोन चमचे तेल आणि अर्धा चमचा धुरावलेल्या लाल मिरचीची पूड घाला. चव तीच येणार नाही, पण पदार्थ उभा राहतो. चवळी ३५–४५ मिनिटांत बोटांत दाबली की मऊ लागते आणि साल अखंड असतं. तिथेच थांबा. मीठ शेवटच्या १० मिनिटांत.

आता पाणी गाळून मोजा. दीड कप धुतलेल्या तांदळाला या पाण्याचे पावणेतीन कप पुरतात, कारण चवळीतही ओल असते. तांदूळ, चवळी आणि मोजलेलं पाणी एकत्र करून उकळी आणा, झाकण घट्ट लावा, अगदी मंद आचेवर १५–१८ मिनिटं. गॅस बंद करून १० मिनिटं झाकण उघडू नका. मग काट्याने हलक्या हाताने मोकळा करा.

खिचडी होण्याची कारणं तीन. चवळी कुकरमध्ये शिजवली की साल फुटून पिठूळ रस भातात उतरतो. पाणी अंदाजाने घातलं जातं. आणि मध्येच ढवळलं जातं. जुना कोलम चांगला चालतो. बासमती आणि आंबेमोहोर यांचा वास चवळीच्या मातकट चवीवर कुरघोडी करतो. हळद आणि फोडणी टाळा. जेवण छान होईल, पण ते आपलं होईल.

राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवला म्हणतात. खरं काय?

जेफरसन जेवायचे, शिजवायच्या एडिथ फॉसेट आणि फॅनी हर्न. जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना या दोघींना अगदी कोवळ्या वयात व्हर्जिनियातून वॉशिंग्टनला आणलं गेलं. एडिथ तेव्हा साधारण १५ वर्षांची होती. ओनोरे ज्युलियाँ या फ्रेंच आचाऱ्याच्या हाताखाली दोघी शिकल्या. पगार नव्हता, महिन्याला दोन डॉलर बक्षिसी मिळे. १८०९ पासून १८२६ मध्ये जेफरसन यांचा मृत्यू होईपर्यंत एडिथ मॉन्टिसेलोच्या, म्हणजे जेफरसन यांच्या व्हर्जिनियातल्या मळ्यावरच्या घराच्या, मुदपाकखान्याची प्रमुख होती.

तिथे आठ तोंडांची, विटांची बांधीव शेगडी होती. प्रत्येक तोंडाखाली कोळशाचा वेगळा जाळ. दुधाचं कस्टर्ड किंवा अंडं-लोण्याचा सॉस उघड्या भट्टीवर फाटतो. इथे निखारे कमी-जास्त करून आच हाताळता येई. आठ जाळांवर आठ वेगळ्या आचा एका वेळी सांभाळायच्या आणि सगळं एकाच वेळी पानावर न्यायचं, हे मोठ्या हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याचं काम आहे.

जेफरसन यांच्या मृत्युपत्राने एडिथचे पती, लोहार जोसेफ फॉसेट, मुक्त झाले. एडिथ आणि मुलं मात्र १८२७ च्या लिलावाला काढली गेली. कुटुंब पुढे हळूहळू सोडवून घेतलं गेलं आणि ओहायोतल्या सिनसिनाटीत स्थिरावलं. तिथे त्यांच्या मुलाने, पीटर फॉसेटने, मेजवान्यांच्या व्यवसायात नाव काढलं.

कृष्णवर्णीय स्त्रीचं पहिलं पाककृतींचं पुस्तक कोणतं?

आज माहीत असलेलं सर्वात जुनं पुस्तक मलिंडा रसेल यांचं, १८६६ मध्ये मिशिगनमधल्या पॉ पॉ गावी छापलेलं. पानं ३९, कृती अडीचशेहून जास्त. रसेल टेनेसीत जन्मल्या, स्वतंत्र म्हणून. लायबेरियाला जायला निघाल्या असता वाटेत पैसे चोरीला गेले. पुढे नवरा वारला, अपंग मुलाला एकटीने वाढवलं, खानावळ चालवली, केक-पेस्ट्रीचं दुकान चालवलं. १८६४ मध्ये सशस्त्र टोळीने पुन्हा लुटलं आणि त्यांना उत्तरेकडे निघून जावं लागलं. परतीच्या खर्चासाठी हे पुस्तक काढलं, असं त्यांनी प्रस्तावनेत स्वच्छ लिहिलं आहे. आपण कुणाकडून शिकलो तेही लिहिलं: फॅनी स्टुअर्ड या व्हर्जिनियाच्या कृष्णवर्णीय आचारिणीकडून. गुरूचं नाव नोंदवण्याची ही काळजी फार मोलाची आहे, कारण अशा स्त्रियांची नावं दुसरं कुणी लिहून ठेवत नव्हतं.

पुस्तकात गोड पदार्थांचा भरणा आहे. ‘दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायका फक्त डुकराचं मांस आणि पालेभाज्या रांधत’ हा समज त्याने पार मोडतो. ती व्यावसायिक पेस्ट्री करणाऱ्या बाईची वही आहे, म्हणून कृती त्रोटक आहेत. ज्याला काम येतं त्याला प्रमाण पुरतं.

लिहिता-वाचता न येता ॲबी फिशर यांनी पुस्तक कसं काढलं?

तोंडी सांगून. साउथ कॅरोलायनात १८३१ च्या सुमारास जन्म, मग अलाबामातलं मोबील, आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को. अकरा मुलांच्या आई. त्यांचा लोणची आणि मुरंबे यांचा धंदा होता. १८७९ मध्ये सॅक्रामेंटोच्या राज्य मेळाव्यात आणि १८८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्यांना बक्षिसं मिळाली. गिऱ्हाईक असलेल्या बायकांनी आग्रह धरला, त्या सांगत गेल्या, त्यांनी उतरवून घेतलं, आणि १८८१ मध्ये स्त्रियांनीच चालवलेल्या सहकारी छापखान्यात ते छापलं गेलं. सुमारे १६० कृती आहेत. उतरवून घेणाऱ्यांना काही नावं कळली नाहीत; जांबालाया हा भाताचा पदार्थ छापताना ‘जंबरली’ झाला. त्यात एक कोंबडी, एक पाइंट तांदूळ आणि सहाएक मोठे टोमॅटो आहेत.

पुस्तकाच्या नावातच ‘मिसेस फिशर’ आहे. त्या काळी गोरे लोक कुठल्याही वयस्क कृष्णवर्णीय बाईला ‘आंट’ म्हणत, आडनावाचा मान देत नसत. म्हणून मुखपृष्ठावरचे ते दोन शब्द फार वजनाचे आहेत.

त्यांचा रताळ्याचा पाय घरी करता येईल का?

येईल. पाय म्हणजे मैद्याच्या पारीत भाजलेलं सारण, आणि फिशर यांची कृती भरवशाची आहे. दोन पायना दोन पौंड, म्हणजे ९०० ग्रॅम रताळी. गरम असतानाच चाळणीतून घासून एक मोठा चमचा लोणी आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालायचं. पाच अंडी, पिवळं आणि पांढरं वेगळं फेटून. एक गिल दूध, म्हणजे १२० मिलि. एका संत्र्याचा रस आणि अर्ध्या सालीचा कीस. साखर चवीने, आपल्याकडच्या रताळ्यांना १५०–१८० ग्रॅमपासून सुरुवात करा. पारी फक्त खाली, वर नाही. ओव्हन चांगला तापलेला, १९०–२०० अंश सेल्सियस, ३५–४० मिनिटं. मधोमध किंचित थरथरतं तेव्हाच बाहेर काढा. गार होताना ते घट्ट होतं.

बिघडतं ते बहुधा पाण्यामुळे. फिशर उकडायला सांगतात, पण आपली पांढऱ्या गराची रताळी पाण्यात उकडली की पाणी पितात आणि सारण बसत नाही. ती सालीसकट वाफवा किंवा भाजा. धागे चाळणीतच अडतात, म्हणून मिक्सर वापरू नका. तो धागे बारीक करून गरातच ठेवतो आणि गर चिकट करतो. पांढरं नीट फुगवलं नाही तर पाय दडस होतो, कारण या कृतीत दुसरं काही फुगवणारं नाही.

‘बीटन बिस्किट’ म्हणजे काय? ज्युडी रीड यांचा त्याच्याशी काय संबंध?

अमेरिकेत बिस्किट म्हणजे छोटा पाव, आणि ‘बीटन’ म्हणजे बदडलेलं. मैदा, चरबी, मीठ, थोडं दूध किंवा पाणी. सोडा नाही, यीस्ट नाही. घट्ट पीठ ओंडक्यावर ठेवून लाकडी हातोड्याने किंवा कुऱ्हाडीच्या पाठीने बदडायचं, घडी घालायची, पुन्हा बदडायचं. किमान अर्धा तास. पिठावर फोड येऊन ते साटीनसारखं गुळगुळीत झालं की तयार. थरांमध्ये कोंडलेली हवा हेच फुगवण. वेळ वाचवला की बिस्किट दगड होतं. मालकाच्या टेबलावर सकाळी ती गरम हवीत, म्हणजे कुणीतरी पहाटे उठून बदडत असे.

वॉशिंग्टनच्या ज्युडी रीड यांनी २३ सप्टेंबर १८८४ रोजी पीठ मळून लाटणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. एकमेकांत बसणाऱ्या खाचदार दोन रुळांतून पीठ सारखं मळलं जातं आणि झाकलेल्या पेटीत पडतं, त्यामुळे धूळ बसत नाही. पेटंटवर सहीच्या जागी फुली आहे. अमेरिकेत पेटंट मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

गंबो घट्ट कशाने होतो? भेंडीची तार कशी जाते?

गंबो म्हणजे लुइझियानातला दाट रस्सा. तो घट्ट करायच्या तीन वाटा आहेत. भेंडी, फिले, म्हणजे सॅसफ्रास झाडाच्या पानांची पूड, जी चोक्टॉ आदिवासींकडून आली, आणि रू, म्हणजे चरबीत भाजलेला मैदा. भेंडी आणि फिले सहसा एकत्र वापरत नाहीत, नाहीतर रस्सा गिळगिळीत होतो. फिले आच बंद केल्यावरच घालायची. उकळली की तिला दोरे सुटतात.

रूसाठी तेल आणि मैदा समप्रमाणात, अर्धा अर्धा कप, मंद आचेवर ३० मिनिटं न थांबता ढवळत शेंगदाण्याच्या फोलपटापेक्षा गडद रंगापर्यंत न्या. काळे ठिपके दिसले की तो जळला. वाचवायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या, कडवटपणा रश्श्यातून निघत नाही. रू जितका गडद तितकी चव खोल, पण घट्ट करण्याची ताकद कमी. गडद रूला मैदा थोडा जास्त लागतो. भेंडी वेगळ्या कढईत थोड्या तेलावर १५–२० मिनिटं परता. सोबत टोमॅटोचा आंबटपणा मिळाला की तार लवकर तुटते. आमसूल किंवा दही घालून भेंडी करणाऱ्यांना हे सांगायला नको.

लिया चेस यांचा हिरवा गंबो वेगळा का?

लिया चेस (१९२३–२०१९) यांचं ‘डुकी चेस’ हे न्यू ऑर्लिन्सचं रेस्तराँ. वर्णभेदाच्या काळात गोरे आणि काळे एका टेबलाशी बसणं बेकायदा होतं, तेव्हा नागरी हक्कांच्या चळवळीतले कार्यकर्ते त्यांच्या माडीवर जमत आणि गंबो खात बैठका करत.

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी तिथे ‘गंबो झेर्ब’ होतो. पालेभाज्यांची संख्या विषम हवी, बहुधा नऊ: मोहरीचा पाला, कॉलर्ड, सलगमाचा पाला, बीटचा पाला, गाजराचा पाला, कोबी, लेट्यूस, वॉटरक्रेस, पालक. जितक्या भाज्या तितके नवे मित्र, असं मानतात. भाज्या कांदा-लसणासह अर्धा तास शिजवून वाटायच्या आणि पाणी राखून ठेवायचं. त्याच पाण्यावर मांस शिजतं. भारतात करताना मोहरी, मुळा, बीट यांचा पाला, माठ, पालक आणि कोबी जमतात. मेथी आणि शेपू नको, त्या इतर कुणाला बोलू देत नाहीत.

एडना लुइस बेकिंग पावडर घरी का करायच्या?

बाजारातल्या पावडरीत बरेचदा ॲल्युमिनियमचा क्षार असतो आणि त्याची धातूसारखी चव मागे राहते. लुइस (१९१६–२००६) यांचं प्रमाण दोनास एक: पाव कप क्रीम ऑफ टार्टरला दोन मोठे चमचे खायचा सोडा, तीनदा चाळून, कोरड्या बरणीत. महिनाभरात संपवा. ही पावडर ओली झाल्याबरोबर काम सुरू करते, त्यामुळे पीठ भिजवून ठेवलं तर बिस्किटं बसतात. ओव्हन आधी तापवा, मग दूध घाला.

त्या व्हर्जिनियातल्या फ्रीटाउनच्या, मुक्त झालेल्या गुलामांनी वसवलेल्या वस्तीतल्या. त्यांचे आजोबा तिच्या संस्थापकांपैकी होते. तिथे मोजचमचे नव्हते, बेकिंग पावडर नाण्यावर मोजत. केक झाला की नाही हे त्या कान लावून ठरवत: आतून बुडबुड्यांचा आवाज येत असेल तर अजून वेळ आहे, अगदी मंद झाला की काढायचा. १९७६ च्या त्यांच्या पुस्तकात कृती ऋतूंप्रमाणे लावल्या आहेत. दक्षिणेचा स्वयंपाक ताज्या, हंगामी मालाचा आहे, हे त्याने अमेरिकेला दाखवून दिलं.

पॅनकेकच्या डब्यावरच्या ‘आंट जेमायमा’ खऱ्या होत्या का?

नाही. मिश्रण १८८९ मध्ये मिझुरीतल्या दोन गोऱ्या माणसांनी बनवलं आणि नाव तोंडाला काळं फासून करायच्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळातल्या एका गाण्यावरून घेतलं. त्या नावाने उभ्या राहिल्या त्या केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेल्या नॅन्सी ग्रीन. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात त्यांनी हजारो लोकांसमोर पॅनकेक केले. पाककृती त्यांची होती आणि त्या लखपती झाल्या, या दोन्ही गोष्टी जाहिरातीतून पसरल्या. १९२३ मध्ये त्या मोटारीच्या अपघातात गेल्या. कबरीवर दगड बसायला २०२० उजाडलं. पुढच्या वर्षी ते नाव डब्यावरून गेलं.

माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराला स्वयंपाकाने कशी मदत केली?

बसमधल्या वर्णभेदाच्या निषेधार्थ अलाबामातल्या माँटगोमेरीत १९५५–५६ मध्ये ३८१ दिवस कृष्णवर्णीय लोक बसमध्ये चढले नाहीत. त्यांना कामावर पोचवणाऱ्या गाड्यांना पेट्रोल लागे. जॉर्जिया गिलमोर यांनी बायकांना जमवून तळलेल्या कोंबडीचे सँडविच, पाय आणि केक करून विकायला सुरुवात केली. सभांत, सलूनमध्ये, दारोदार. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठूनच न आलेला क्लब’: पैसे कुठून आले असं विचारलं तर ‘कुठूनच नाही’ हे उत्तर खरं ठरे. अनेक जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव फुटलं तर नोकरी जाणार. कोण रांधतं हे फक्त गिलमोर यांना ठाऊक असे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खटल्यात साक्ष दिल्यावर त्यांची स्वतःची नोकरी गेली. मग त्यांनी घरातच जेवणं सुरू केली आणि किंग त्यांच्या टेबलाशी येऊन बसत.

अन्नाची ही राजकीय बाजू पुढेही दिसते. मिसिसिपीत फॅनी लू हेमर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस गरीब कुटुंबांना गाभण डुकरीण देणारी ‘पिग बँक’ चालवली, पिल्लं कुटुंबाची. मताचा हक्क मागितला म्हणून मळ्यावरून हाकललेल्या माणसाला आधी स्वतःचं अन्न लागतं, हा त्यामागचा विचार.

टीव्हीवरचा स्वयंपाक आणि तयार पिठं यातही त्या होत्या का?

होत्या. न्यू ऑर्लिन्सच्या लीना रिचर्ड यांनी १९३७ मध्ये कृष्णवर्णीय तरुणांसाठी पाकशाळा काढली, १९३९ मध्ये स्वतः पुस्तक छापलं, गोठवलेलं जेवण विकलं आणि १९४९ पासून मृत्यूपर्यंत स्थानिक टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम केला. टेक्ससच्या लुसिल बिशप स्मिथ यांनी १९४० च्या दशकात गरम पावांचं तयार मिश्रण बाजारात आणलं.

जुन्या पुस्तकांतली मापं आजच्या भाषेत कशी धरायची?

अमेरिकन पाइंट ४७३ मिलि आहे, ब्रिटिश ५६८. ब्रिटिश धरलं तर प्रमाण बिघडतं. गिल म्हणजे १२० मिलि, वाइनचा पेला सुमारे ६० मिलि, क्वार्ट ९५० मिलि, पौंड ४५४ ग्रॅम. ‘अंड्याएवढं लोणी’ म्हणजे ५५ ग्रॅमच्या आसपास. ‘सॅलेरेटस’च्या जागी खायचा सोडा चालतो. जुनी अंडी लहान असत, म्हणून आपल्या बाजारातली ५० ग्रॅमची साधी अंडी बरोबर बसतात. मोठी असतील तर पाचाऐवजी चार. ‘क्विक ओव्हन’ १९० ते २२० अंश, ‘स्लो’ १५० च्या आसपास. मैद्याचं माप दिलंच नसेल तर पीठ भांड्याची कड सोडेपर्यंत थोडं थोडं घाला.